खिशातले पिस्तूल आणि कागदावरचे आकडे : छुप्या शस्त्रांच्या कायद्याने गुन्हे घटतात की वाढतात? (थ्रेड)

१/
१६ ऑक्टोबर १९९१. अमेरिकेच्या टेक्सास राज्यातील किलीन शहरात लूबीज् नावाच्या कॅफेटेरियात दुपारच्या जेवणाची गर्दी होती. एका माणसाने आपला पिकअप ट्रक काचेची भिंत फोडून थेट आत घातला आणि खाली उतरून गोळीबार सुरू केला. २३ जण ठार झाले. त्या गर्दीत सुझॅना ग्रेशिया ही तरुणी आईवडिलांसह जेवायला बसली होती. तिच्याकडे स्वतःचे रिव्हॉल्व्हर होते. पण त्या क्षणी ते बाहेर, तिच्या मोटारीत पडलेले होते.

२/
कारण कायदा. टेक्सासमध्ये १८७१ पासून सर्वसामान्य माणसाला पिस्तूल अंगावर बाळगून हिंडण्यास बंदी होती. सुझॅनाचा व्यवसाय परवान्यावर चालणारा होता आणि कायदा मोडल्यास तो जाईल, या भीतीने ती शस्त्र मोटारीत ठेवत असे. तिचे वडील हल्लेखोराच्या अंगावर धावून गेले आणि मारले गेले. सुझॅना खिडकीतून बाहेर पडली. आई पतीपाशी थांबली आणि तीही मारली गेली. पुढची अनेक वर्षे सुझॅना विधिमंडळांपुढे हीच हकिकत सांगत राहिली.

३/
१९९३ मध्ये टेक्सासच्या गव्हर्नर अ‍ॅन रिचर्ड्स यांनी या विषयावरचे विधेयक नकाराधिकार वापरून रोखले. पुढच्या वर्षी त्या निवडणूक हरल्या. १९९५ मध्ये नवे गव्हर्नर जॉर्ज डब्ल्यू. बुश यांनी छुपे पिस्तूल बाळगण्याचा परवाना देणाऱ्या कायद्यावर सही केली. सुझॅना ग्रेशिया-हप १९९६ मध्ये स्वतः टेक्सासच्या प्रतिनिधिगृहात निवडून आल्या. एका शोकांतिकेने कायदा बदलला. पण त्या कायद्याने गुन्हेगारी बदलली का? या थ्रेडचा विषय हा प्रश्न आहे आणि त्याचा इतिहास दोनशे वर्षांहून जुना आहे.

४/
आधी संज्ञा स्पष्ट करू. भारतात १९५९ च्या शस्त्र अधिनियमाखाली पिस्तूल बाळगायचे तर परवाना लागतो आणि तो मिळणे अधिकाऱ्यांच्या चौकशीवर अवलंबून असते. अमेरिकेत घरात पिस्तूल ठेवणे ही एक गोष्ट आणि ते घेऊन रस्त्यावर हिंडणे ही दुसरी. त्यातही दोन प्रकार. कमरेला सर्वांना दिसेल असे लावणे म्हणजे ‘ओपन कॅरी’ आणि कोटाखाली किंवा पर्समध्ये दडवणे म्हणजे ‘कन्सील्ड कॅरी’. सारा वाद या दडवण्याभोवती फिरतो.

५/
एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी दडवलेले शस्त्र हे भेकडाचे लक्षण मानले जाई. सभ्य गृहस्थाने शस्त्र बाळगायचे तर उघड बाळगावे; जो लपवतो त्याच्या मनात काळेबेरे आहे, असा दंडक होता. १८१३ मध्ये केंटकी आणि लुइझियाना या राज्यांनी छुप्या शस्त्रांविरुद्ध कायदे केले. केंटकीने लांबच्या प्रवासाला निघालेल्या माणसाला सूट दिली, कारण वाटेवरचा धोका सर्वांनाच मान्य होता. गावातल्या भांडणात मात्र खिशातून अचानक खंजीर निघू नये, हा त्यामागचा हेतू होता.

६/
न्यायालयीन झगडेही तेव्हाच सुरू झाले. केंटकीतील ब्लिस नावाचा माणूस काठीत लपवलेली तलवार, म्हणजे आपल्याकडची गुप्ती, बाळगल्याबद्दल दोषी ठरला. १८२२ मध्ये राज्याच्या वरिष्ठ न्यायालयाने तो कायदाच घटनाबाह्य ठरवला. लोकांना हा निकाल इतका रुचला नाही की १८५० च्या नव्या राज्यघटनेत छुप्या शस्त्रांवर बंदी घालण्याचा अधिकार विधिमंडळाला स्पष्ट शब्दांत देण्यात आला. १८४६ मध्ये जॉर्जियाच्या न्यायालयाने उलट बाजूने रेष आखली. उघड शस्त्रावरची बंदी अमान्य, छुप्या शस्त्रावरची मान्य.

७/
१८३० च्या दशकात दक्षिणेकडील राज्यांत असे कायदे भराभर झाले. त्यांचा रोख दोन वस्तूंवर होता. पहिली, १८२७ च्या मिसिसिपीकाठच्या एका गाजलेल्या मारामारीनंतर प्रसिद्धीस आलेला ‘बोवी’ सुरा. दुसरी, फिलाडेल्फियाच्या हेन्री डेरिंजरची तळहातात मावणारी पिस्तुले. १८३६ मध्ये सॅम्युएल कोल्टने रिव्हॉल्व्हरचे पेटंट घेतले आणि न थांबता अनेक गोळ्या झाडणारे शस्त्र बाजारात आले. १८६५ मध्ये अब्राहम लिंकन यांचा खून डेरिंजर पिस्तुलानेच झाला.

८/
या कायद्यांनी तेव्हा खून कमी झाले का? थेट मोजण्याची सोयच नव्हती. अमेरिकेत गुन्ह्यांचे देशव्यापी आकडे गोळा करण्याची पद्धत १९३० मध्ये सुरू झाली. त्यापूर्वीचा काळ इतिहासकाराला न्यायालयीन दप्तरे, मृत्यूचौकशीचे कागद आणि वृत्तपत्रे चाळून रचावा लागतो. रँडॉल्फ रॉथ यांनी ‘अमेरिकन होमिसाइड’ (२००९) या ग्रंथात हे प्रचंड काम केले. खुनांचे प्रमाण लोकांच्या शासनावरील विश्वासाशी आणि परस्परांतील आपलेपणाशी जोडलेले असते, असा त्यांचा निष्कर्ष आहे. म्हणजे शस्त्राचा कायदा हा या गणितातला एक धागा झाला, एकुलता एक नव्हे.

९/
आता पश्चिमेकडे वळू. चित्रपटांनी ‘वाइल्ड वेस्ट’चे जे रूप मनावर ठसवले आहे, त्यात प्रत्येकाच्या कमरेला पिस्तूल असते. कॅन्ससमधल्या डॉज सिटी या गुरांच्या बाजारपेठेचे १८७० च्या दशकातील एक प्रसिद्ध छायाचित्र वेगळेच सांगते. रुंद धुळीचा रस्ता, मधोमध लाकडी फलक आणि त्यावर सूचना : बंदुका बाळगण्यास सक्त मनाई. त्याच फलकावर एका औषधी काढ्याची जाहिरातही आहे. गावात येणाऱ्या गुराख्याने शस्त्र जमा करायचे आणि जाताना परत घ्यायचे, अशी रीत होती.

१०/
अ‍ॅरिझोनातील टूमस्टोन गावात एप्रिल १८८१ मध्ये असाच नियम झाला. २६ ऑक्टोबर १८८१ रोजी मार्शल व्हर्जिल अर्प आपले भाऊ आणि डॉक हॉलिडे यांच्यासह काही ‘काउबॉय’ मंडळींना निःशस्त्र करण्यासाठी निघाला. अर्ध्या मिनिटात तीन जण ठार झाले. हीच ती ‘ओ. के. कोराल’ची चकमक. पडद्यावर ती बेबंदशाहीचे प्रतीक ठरली. प्रत्यक्षात तिचे निमित्त शस्त्रबंदीच्या नियमाची अंमलबजावणी हे होते.

११/
या गावांबाबतचा एक वाद आकड्यांचा अभ्यास करणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावा. रॉबर्ट डिक्स्ट्रा यांनी ‘द कॅटल टाउन्स’ (१९६८) मध्ये कॅन्ससच्या पाच बाजारगावांतील १८७० ते १८८५ मधले खून मोजले. संख्या भरली अवघी ४५. मग ‘रक्तरंजित पश्चिम’ ही दंतकथाच ठरते. नंतरच्या अभ्यासकांनी हरकत घेतली : गावे चिमुकली होती, लोकसंख्येच्या प्रमाणात हेच ४५ खून भयंकर ठरतात. डिक्स्ट्रांचे उत्तर असे की, इतक्या लहान गावात एक खून घडला तरी दर आकाशाला भिडतो; त्या दराला अर्थ नाही. खून तेच, निष्कर्ष दोन.

१२/
कायदा कागदावर सर्वांसाठी सारखा असला तरी त्याची धार सर्वांना सारखी लागत नव्हती. फ्लोरिडाने १८९३ मध्ये शस्त्र-परवान्याचा कायदा केला. १९४१ मध्ये त्याच राज्याच्या सर्वोच्च न्यायालयातील न्यायमूर्ती बुफोर्ड यांनी निकालपत्रात उघड लिहून टाकले की, हा कायदा कृष्णवर्णीय मजुरांना निःशस्त्र करण्यासाठी होता आणि गोऱ्या लोकांना तो लागू करण्याचा हेतू कधीच नव्हता. जानेवारी १९५६ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांच्या मॉन्टगोमेरीतील घरावर बॉम्ब टाकला गेला. त्यांनी छुप्या पिस्तुलाच्या परवान्यासाठी अर्ज केला. तो नाकारण्यात आला.

१३/
न्यूयॉर्कची वाट वेगळी होती. ऑगस्ट १९१० मध्ये महापौर विल्यम गेनर यांच्यावर गोळी झाडली गेली. जानेवारी १९११ मध्ये कादंबरीकार डेव्हिड ग्रॅहम फिलिप्स यांचा मॅनहॅटनमध्ये भर दिवसा गोळ्या घालून खून झाला. त्याच वर्षी टिमोथी सलिव्हन या राजकारण्याच्या नावाने ओळखला जाणारा कायदा आला. खिशात मावणाऱ्या बंदुकीला परवाना आवश्यक झाला. ती अंगावर बाळगायची असेल तर ‘योग्य कारण’ दाखवावे, ही अट लवकरच जोडली गेली. कारण योग्य की अयोग्य, हे ठरवणार अधिकारी. या पद्धतीला पुढे ‘मे इश्यू’, म्हणजे ‘परवाना देता येईल’, असे नाव पडले.

१४/
शतकाच्या उत्तरार्धात वारे फिरले. १९८७ मध्ये फ्लोरिडाने नेमका उलटा नियम केला. अर्जदार प्रौढ आहे, गुन्हेगार नाही, त्याने प्रशिक्षण घेतले आहे, एवढे पुरे. मग परवाना द्यावाच लागेल. हे ‘शॅल इश्यू’. असा नियम त्यापूर्वीही काही राज्यांत होता आणि व्हरमाँटमध्ये तर परवान्याची अटच नव्हती. पण फ्लोरिडा हे मोठे आणि शहरी राज्य होते. पाहता पाहता राज्यांमागून राज्ये त्याच मार्गाने गेली. २०१३ मध्ये इलिनॉयने कायदा केल्यावर पन्नासही राज्यांत या ना त्या अटीवर छुपे पिस्तूल बाळगणे शक्य झाले.

१५/
येथे ‘दडवणे’ या शब्दाचा नैतिक अर्थच उलटला. १८१३ मध्ये लपवलेले शस्त्र हा कपटाचा पुरावा होता. आता युक्तिवाद असा झाला : पिस्तूल कोणाकडे आहे हे चोराला कळत नाही, म्हणून त्याला प्रत्येकाचीच धास्ती वाटते. मूठभर लोकांनी शस्त्र दडवले तरी निःशस्त्र माणसालाही आपोआप संरक्षण मिळते. हा युक्तिवाद तर्काला पटण्याजोगा आहे. प्रश्न इतकाच की, प्रत्यक्षात तसे घडते का? नेमका याच वेळी या प्रश्नात अर्थशास्त्रज्ञांचा प्रवेश झाला.

१६/
१९९७ मध्ये जॉन लॉट आणि डेव्हिड मस्टर्ड यांचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. अमेरिकेतील ३,०५४ काउंट्या (म्हणजे साधारण आपल्या जिल्ह्यासारखे घटक) आणि १९७७ ते १९९२ असा सोळा वर्षांचा काळ त्यांनी घेतला. एवढ्या मोठ्या प्रमाणावर हा प्रश्न तोवर कोणी तपासला नव्हता. निष्कर्ष : ‘शॅल इश्यू’ कायद्यानंतर खून सुमारे ८ टक्क्यांनी, बलात्कार सुमारे ५ टक्क्यांनी आणि गंभीर हल्ले सुमारे ७ टक्क्यांनी घटले. मालमत्तेचे गुन्हे मात्र थोडे वाढले. गुन्हेगार माणसाला टाळून वस्तूंकडे वळले, असे त्याचे स्पष्टीकरण देण्यात आले.

१७/
१९९८ मध्ये लॉट यांचे ‘मोअर गन्स, लेस क्राइम’ हे पुस्तक आले आणि त्याचे शीर्षक ही घोषणा बनली. उरलेल्या राज्यांनीही हा कायदा स्वीकारला असता तर १९९२ या एका वर्षात सुमारे १,५७० खून टळले असते, हा आकडा विधिमंडळांत वारंवार उद्धृत होऊ लागला. किलीनच्या हकिकतीला आता तक्त्यांचा आधार मिळाला. ज्यांना कायदा हवा होता त्यांच्या एका हातात साक्ष होती आणि दुसऱ्या हातात विज्ञान.

१८/
पण तक्ते उघडे होते. लॉट यांनी आपली सामग्री इतर संशोधकांना उपलब्ध करून दिली, ही गोष्ट त्यांच्या बाजूने नोंदवली पाहिजे. डॅन ब्लॅक आणि डॅनियल नॅगिन यांनी १९९८ मध्ये तीच सामग्री घेऊन एक साधा प्रयोग केला. त्यांनी एकटे फ्लोरिडा वगळले. खून आणि बलात्कार यांच्यातील घट जवळजवळ नाहीशी झाली. फ्लोरिडा साधे राज्य नव्हते : १९८० मध्ये क्युबातून एकाच लाटेत आलेले निर्वासित, मायामीचा अमली पदार्थांचा व्यापार, त्यातून उसळलेले आणि पुढे ओसरलेले खून. एका राज्याच्या विलक्षण दशकाने साऱ्या देशाचा निष्कर्ष उचलून धरला होता.

१९/
त्याहून मोठी अडचण काळाची होती. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात ‘क्रॅक’ नावाच्या कोकेनची साथ आली. तिने न्यूयॉर्क, लॉस एंजेलिस, शिकागो, वॉशिंग्टन अशी महानगरे पोखरली. छुप्या पिस्तुलाचा मुक्त परवाना देणारी राज्ये तेव्हा प्रामुख्याने दक्षिणेची, पश्चिमेची आणि ग्रामीण होती. न देणाऱ्यांत न्यूयॉर्क, कॅलिफोर्निया, इलिनॉय होती. १९९२ पर्यंतचेच आकडे पाहिले तर एका बाजूला क्रॅकने होरपळलेली राज्ये आणि दुसऱ्या बाजूला तुलनेने शांत राज्ये दिसतात. कायदा करणारे राज्य सुरक्षित भासणारच.

२०/
१९९२ नंतर काय झाले? साथ ओसरली आणि सर्वाधिक होरपळलेली शहरे सर्वाधिक वेगाने सावरली. न्यूयॉर्क शहरात १९९० मध्ये २,२०० हून अधिक खून झाले होते. २००० मध्ये ते सातशेच्या खाली आले आणि तेही जुना सलिव्हन कायदा जसाच्या तसा असताना. इयन एअर्स आणि जॉन डोनोह्यू यांनी २००३ मध्ये पुढील वर्षांचे आकडे जोडून गणित पुन्हा मांडले, तेव्हा घट दिसेनाशी झाली आणि अनेक मांडण्यांत उलट वाढ दिसू लागली. प्रश्न तोच होता. फक्त खिडकी काही वर्षांनी रुंद झाली होती.

२१/
वाद इतका चिघळला की, अमेरिकेच्या ‘नॅशनल रिसर्च काउन्सिल’ने तज्ज्ञांची समिती नेमली. समितीचा अहवाल २००४ मध्ये आला. उपलब्ध पुराव्यावरून हे कायदे गुन्हे घटवतात की वाढवतात हे सांगता येत नाही, असे समितीने म्हटले. गणितात किरकोळ बदल केला तरी उत्तराचे चिन्हच बदलत होते. समितीतील एक सदस्य, राज्यशास्त्रज्ञ जेम्स क्यू. विल्सन यांनी मतभिन्नता नोंदवली. खुनांतील घट पुराव्यावर टिकते, असे त्यांचे म्हणणे होते. अहवालात त्यांची मतभिन्नता छापली गेली आणि तिला समितीने दिलेले उत्तरही.

२२/
अडचण मुळात अशी आहे. १९९६ नंतरचा टेक्सास आपल्याला दिसतो. कायदा झाला नसता तर कसा असता, तो टेक्सास कुठेच अस्तित्वात नाही. २००३ मध्ये अल्बर्टो अबादी आणि हावियर गार्देआसाबाल यांनी स्पेनच्या बास्क प्रदेशातील दहशतवादाची आर्थिक किंमत मोजताना एक युक्ती शोधली. ज्या प्रदेशांत ती घटना घडली नाही, त्यांचे योग्य प्रमाणात मिश्रण करायचे आणि घटनेपूर्वीच्या वर्षांत हुबेहूब मूळ प्रदेशासारखा वागणारा एक काल्पनिक जोडीदार तयार करायचा. घटनेनंतर दोघांच्या वाटा जिथे फुटतात, तो तिचा परिणाम.

२३/
डोनोह्यू, अभय अनेजा आणि काइल वेबर यांनी २०१९ मध्ये ही युक्ती छुप्या पिस्तुलांच्या कायद्याला लावली. टेक्सासचा काल्पनिक जोडीदार कॅलिफोर्निया, विस्कॉन्सिन आणि नेब्रास्का यांच्या मिश्रणातून बनला. कायद्यानंतर खऱ्या टेक्सासमध्ये हिंसक गुन्हे घटलेच. पण काल्पनिक टेक्सासमध्ये ते अधिक घटले. ‘कायदा केला आणि गुन्हे कमी झाले’ हे वाक्य खरे असूनही निष्कर्ष चुकू शकतो, तो असा. साऱ्या राज्यांचा एकत्रित हिशेब : कायद्यानंतर दहा वर्षांनी हिंसक गुन्ह्यांचे प्रमाण, कायदा नसता तर जेवढे असते त्याहून सुमारे १३ ते १५ टक्के जास्त.

२४/
परवानाधारक लोक तर बहुतांशी कायदा पाळणारे; मग गुन्हे वाढतील कसे? डोनोह्यू, फिलिप कुक आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये ४७ मोठ्या शहरांच्या आकड्यांवरून उत्तर शोधले. बंदुकांच्या चोऱ्या सुमारे ३५ टक्क्यांनी वाढल्या होत्या. हिंसक गुन्हे उघडकीस आणण्याचे पोलिसांचे प्रमाण सुमारे १३ टक्क्यांनी घसरले होते. घरातल्या कपाटातले पिस्तूल मोटारीत आले आणि मोटारीतून चोरीला गेले. म्हणजे परवानाधारकाने एकही गोळी न झाडता त्याचे पिस्तूल गुन्ह्यात सामील होऊ शकते. शिवाय रस्त्यावरची बाचाबाची एरवी शिवीगाळीवर संपते. शस्त्र हाताशी असले की ती तिथे थांबेलच असे नाही.

२५/
सर्वांनी हे मान्य केले आहे असे नाही. कार्लाइल मूडी आणि थॉमस मार्व्हेल यांच्यासारखे अभ्यासक या गणितावर आक्षेप घेत आले आहेत; लॉट आपल्या मतावर ठाम आहेत. तरीही तराजू झुकला आहे. २०१७ मध्ये मायकेल सीगल आणि सहकाऱ्यांनी ‘शॅल इश्यू’ राज्यांत खुनांचे प्रमाण ६.५ टक्के आणि पिस्तुलाने होणाऱ्या खुनांचे १०.६ टक्के अधिक असल्याचे दाखवले. बंदूकविषयक संशोधनाची सातत्याने छाननी करणाऱ्या रँड संस्थेने २०२३ च्या आवृत्तीत हे कायदे खून वाढवतात या बाजूचा पुरावा भक्कम ठरवला. ‘अधिक बंदुका, कमी गुन्हे’ हा दावा मात्र अशा छाननीत टिकलेला नाही.

२६/
आणि नेमके आता, आकडे काही बोलू लागले असताना, न्यायालयाने त्यांना दाराबाहेर उभे केले. २३ जून २०२२ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘ब्रुएन’ खटल्यात ६ विरुद्ध ३ मतांनी न्यूयॉर्कची ‘योग्य कारणा’ची अट रद्द केली. न्यायमूर्ती क्लॅरेन्स थॉमस यांनी कसोटी सांगितली : कायदा किती जीव वाचवतो हे तोलायचे नाही, देशाच्या ऐतिहासिक परंपरेत अशा निर्बंधाला आधार आहे का, एवढेच पाहायचे. न्यायमूर्ती ब्रायर यांनी विरोधी मतात बंदुकींमुळे होणाऱ्या मृत्यूंचे आकडे मांडले. न्यायमूर्ती अलिटो यांनी त्या आकड्यांचा या खटल्याशी संबंध काय, असा सवाल केला.

२७/
म्हणजे हा प्रश्न अर्थशास्त्रज्ञांकडून काढून इतिहासकारांकडे सोपवला गेला. निकालपत्रात १३२८ चा इंग्लंडचा नॉर्दम्प्टन कायदा आला, १८४६ चा जॉर्जियाचा निकाल आला. छुपी शस्त्रे रोखा, पण उघड बाळगू द्या, ही जुनी विभागणी मान्य झाली. पश्चिमेकडील प्रदेशांचे कडक कायदे मात्र बाजूला सारले गेले, कारण तेथील लोकसंख्या देशाच्या मानाने नगण्य होती. डिक्स्ट्रांच्या ४५ खुनांबाबत अडलेला प्रश्न इथे पुन्हा उभा राहिला. लहान वस्तीचा पुरावा किती मोलाचा? तिथे इतिहासकार भांडले. इथे न्यायालयाने निकाल देऊन टाकला.

२८/
इतिहास हाच कायद्याचा मापदंड झाला की, इतिहासलेखनाच्या उणिवाही कायद्यात उतरतात. एखादा निर्बंध जुन्या काळी नव्हता, तो कोणाला नको होता म्हणून की त्याची गरजच पडली नव्हती म्हणून? कपाटातल्या एकबारी पिस्तुलाच्या काळातील मौनाचा अर्थ आजच्या पिस्तुलाला कसा लावायचा? फ्लोरिडाचा १८९३ चा कायदा परंपरेचा पुरावा मानायचा की वर्णद्वेषाचा? या प्रश्नांची उत्तरे दप्तरात तयार ठेवलेली नसतात; ती वाचणाऱ्याला द्यावी लागतात आणि वाचणाऱ्याला आपले मत असतेच.

२९/
दरम्यान राज्ये आणखी पुढे गेली. २०२४ च्या मध्यापर्यंत २९ राज्यांत छुपे पिस्तूल बाळगण्यासाठी परवान्याचीही गरज उरली नाही. याच काळात २०२० मध्ये देशभर खुनांचे प्रमाण जवळजवळ ३० टक्क्यांनी उसळले, कडक कायद्याच्या राज्यांत आणि सैल कायद्याच्या राज्यांतही. मग २०२३ आणि २०२४ मध्ये ते झपाट्याने उतरले. यांतील एखादे वर्ष उचलून ‘बघा, कायद्याचा परिणाम’ असे म्हणणारा लेख दिसला, तर क्रॅकची साथ आणि १९९२ ची खिडकी आठवावी.

३०/
शेवटी पुन्हा किलीन. सुझॅना ग्रेशिया-हप यांची साक्ष खोटी नव्हती. पिस्तूल पर्समध्ये असते तर त्यांचे आईवडील वाचले असते का, हे कोणीही सांगू शकत नाही. पण ती संधी कायद्याने त्यांच्याकडून काढून घेतली होती, हे खरे आहे. आता दुसरी बाजू पाहा. मोटारीतून चोरीला गेलेल्या पिस्तुलाने दोन वर्षांनी दुसऱ्या गावात कोणी मारला गेला, तर त्याची आई विधिमंडळापुढे जाऊन काय सांगणार? आपला मुलगा परवान्याच्या कायद्यामुळे गेला, हे तिला कधी कळतच नाही. तो मृत्यू तक्त्यातल्या टक्केवारीचा भाग होतो. कायदे करणाऱ्या सभागृहांत पहिली साक्ष नेहमी ऐकू येते. दुसरी ऐकू येण्यासाठी कोणीतरी ३,०५४ काउंट्यांचे आकडे पुन्हा पुन्हा तपासत बसावे लागते.

(थ्रेड समाप्त)
#मराठी #इतिहास #अमेरिका